एका दगडासाठी एवढ्या लांब? उलुरूला जावं की नाही

प्रश्न: नमस्कार ताई. मुलगा-सून सिडनीत आहेत, ऑगस्टमध्ये पाच आठवडे त्यांच्याकडे चाललोय, ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच. मला शाळेत असल्यापासून तो वाळवंटातला लाल डोंगर बघायचाय, तेव्हा पुस्तकात त्याचं नाव आयर्स रॉक होतं, आता उलुरू म्हणतात. पण घरात सगळे माझ्या विरोधात. मुलगा म्हणतो विमानाने साडेतीन तास जायचं, हॉटेलं महाग, वर चढायला पण आता बंदी, मग तिथे करायचं काय, त्यापेक्षा ब्लू माउंटन्स दाखवतो, ट्रेनने दोन तास. आमचे अहो म्हणतात एका दगडासाठी एवढा खर्च? त्यांचा गुडघा पण कुरकुरतो. सुनेने मधला मार्ग काढलाय, अ‍ॅलिस स्प्रिंग्जची तिकिटं स्वस्त मिळतायत, तिथे उतरायचं आणि एक दिवसाच्या बस टूरने दगड बघून परत. हो म्हणू का? की हट्ट सोडून देऊ? आणि तिथली लाल माती थोडीशी पुडीत बांधून आणली तर चालेल ना?

उत्तर:

अहो, हट्ट कसला, शाळेपासून मनात असलेली गोष्ट आहे ती. पण तुमच्या पत्रात चार माणसांची चार मतं आहेत आणि त्यातलं सगळ्यात समजूतदार वाटणारं मत मला सगळ्यात चुकीचं वाटतंय, ते म्हणजे सूनबाईंचं. मनाने चांगली आहे मुलगी, सासूचं पण राहील आणि सासऱ्यांचा खर्च पण वाचेल असं बघितलंय तिने. पण नकाशा काढून बघा. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते उलुरू रस्त्याने साधारण साडेचारशे किलोमीटर, नावं जवळजवळ घेतात म्हणून जवळ वाटतं एवढंच. आधी दोनशे किलोमीटर दक्षिणेला एर्लडंडा नावाच्या थांब्यापर्यंत, मग तिथून पश्चिमेला वळून परत अडीचशेच्या आसपास. एक दिवसाची बस टूर म्हणजे पहाट व्हायच्या आधी बसमध्ये बसायचं, दिवसभरात नऊशेच्या वर किलोमीटर, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला परत, त्यात प्रत्यक्ष दगडाजवळ मिळणार काही तास आणि तेही गाइडच्या घड्याळाने. गुडघा कुरकुरणाऱ्या माणसाला दहा-अकरा तास सीटवर बसवून तुम्ही जो दगड दाखवाल ना, तो ते आयुष्यभर ऐकवतील तुम्हाला!

तर माझं सरळ उत्तर. थेट उलुरूच्या विमानतळावर उतरून दोन रात्री राहता येत असेल तर जा, बिनधास्त जा. ते जमत नसेल तर जाऊच नका आणि मनाला लावूनही घेऊ नका. अर्धवट मात्र करू नका, कारण ते मी केलंय.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अगदी तुमच्या सुनेच्याच हिशोबाने गेले होते. मी आणि माझी मैत्रीण, अ‍ॅलिसला उतरलो, भाड्याची गाडी घेतली, काउंटरवर तास गेला, कागदांवर धडाधड सह्या केल्या आणि न वाचता केल्या हे सांगायला नकोच. त्यात दिवसाला ठरावीक किलोमीटर फ्री आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला पैसे, शिवाय गावाबाहेर रात्री गाडी चालवली तर इन्शुरन्स नाही, कारण तिथे अंधार पडला की कांगारू, उंट, गुरं सगळं रस्त्यावर येतं. म्हणजे स्वस्तात जायचं म्हणून निघालो आणि शेवटी जास्तीच्या किलोमीटरचं बिल खोलीच्या भाड्यापेक्षा मोठं आलं. ते जाऊ दे. खरी फजिती पुढे आहे. तीनेक तास सपाट लाल जमीन आणि झुडपं बघून डोळे शिणले होते आणि एकदम डावीकडे क्षितिजावर एक भलामोठा लाल डोंगर दिसला, आम्ही किंचाळलोच, गाडी बाजूला, पन्नास फोटो, सेल्फी, एक व्हिडिओ, आणि जिथे रेंज मिळाली तिथून लगेच फॅमिली ग्रुपवर "पोचलो बाई एकदाचे उलुरूला!". अभिनंदन काय, हार्ट काय. पुढच्या पेट्रोल पंपावरच्या माणसाला मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला तर तो शांतपणे म्हणाला, हा माउंट कॉनर. त्याचा माथा टेबलासारखा सपाट आहे, नीट बघितलं तर अजिबात सारखा नाही, पण इतकी माणसं फसतात की तिथले लोक त्याला गमतीने फूलुरू म्हणतात, इंग्रजीतलं फूल म्हणजे मूर्ख, अधिक उलुरू. ग्रुपवर मी काय लिहिलं ते विचारू नका.

आणि एवढं करून खऱ्या उलुरूला पोचलो तेव्हा सूर्य मावळून दहा मिनिटं झाली होती, समोर एक काळपट कुबड. दुसऱ्या दिवशी सूर्योदय बघितला, छानच होता, खोटं नाही बोलणार, पण अकराच्या आत निघायचं होतं कारण उजेडात अ‍ॅलिस गाठायचं होतं. मी दगड बघितला तो पार्किंगमधून, फोटोत दिसतो तसाच, तेवढाच. परत येताना मैत्रीण म्हणाली, "अगं हे तर आपल्याला माहीतच होतं." तुमच्या अहोंचं वाक्य ते. त्या दिवशी मला पण ते पटलं होतं.

काही वर्षांनी परत गेले, थेट विमानाने, दोन रात्री. आणि मग कळलं की तो फोटो किती फसवा आहे.

फोटोत उलुरू कसा दिसतो? गुळगुळीत, पावासारखा फुगलेला, एका रंगाचा. जवळ गेलात की त्यातलं काहीच उरत नाही. आधी तर त्याची उंची अंगावर येते, भोवतालच्या सपाटीपासून 348 मीटर, आयफेल टॉवरपेक्षा जास्त, आणि घेर 9 किलोमीटरच्या वर. पण आकडा सोडा. हात लांब केला तर हाताशी येईल एवढ्या अंतरावर उभं राहून बघा, अंगावर खवले आहेत त्याच्या. जुन्या लोखंडी दाराचा रंग उडून गंजाचे पापुद्रे सुटतात ना, तसे पापुद्रे, बोटाच्या पेराएवढे, कडेने उचललेले. आणि ते गंजच आहेत! आतला खडक राखाडी आहे, त्यातलं लोह हवापाण्याने गंजून बाहेर लाल होतं. एखाद्या गुहेत, जिथे पापुद्रे पडून गेलेत, तिथे तो राखाडी रंग दिसतो आणि मग मला असं झालं की अरे, म्हणजे हा सगळा डोंगर वरून रंगवलाय की काय. जवळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, लाटेसारख्या वळलेल्या गुहा दिसतात, आणि वरपासून खालपर्यंत काळे पट्टे, जिथून पावसाचं पाणी पडतं तिथे. वळण घेतलं की त्याचा आकार बदलतो, दुसरं वळण घेतलं की परत बदलतो, अर्ध्या तासापूर्वी बघितलेला हाच डोंगर का असं वाटायला लागतं. उभे उभे कंगोरे आहेत त्याला, कारण साधारण 55 कोटी वर्षांपूर्वी आडवे साचलेले वाळूचे थर पुढे कलंडून जवळजवळ उभे झाले, आणि आपल्याला दिसतं ते फक्त वर आलेलं टोक, बाकीचा जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल गेलाय म्हणतात.

हे सगळं बसच्या थांब्यावरून दिसत नाही हो.

आता मुलाचा मुद्दा, चढायला बंदी आहे मग करायचं काय. बंदी आहे, 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमची, आणि ती तारीख उगाच नाही निवडलेली, 1985 मध्ये त्याच तारखेला ती जमीन अनांगू लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ मालकांना परत दिली होती. त्यांच्यासाठी तो पवित्र आहे, वर्षानुवर्षं ते पाटीवर लिहून विनंती करत होते की चढू नका. चढताना तीसहून जास्त माणसं गेली आहेत हेही आहेच. चढायची जुनी वाट अजून दिसते, हजारो बुटांनी घासून पांढुरकी पडलेली लांब रेघ, लाल अंगावर जुन्या जखमेचा व्रण असावा तशी. मला ती बघून जरा कसंसंच झालं. मुलाला सांगा की वर चढलेल्या माणसाला उलुरू सोडून बाकी सगळं दिसायचं, कारण उलुरू तर पायाखाली! खालून भोवती फिरण्यातच सगळी मजा आहे. तो पूर्ण फेरा साधारण साडेदहा किलोमीटर, सपाट, तीन-साडेतीन तास लागतात.

आणि नाही, अहोंना साडेदहा किलोमीटर चालवायचं नाहीये, घाबरू नका. गुडघ्यासाठी दोन तुकडे आहेत जे मला तर पूर्ण फेऱ्याइतकेच आवडले. एक मुतित्जुलू पाणवठ्याचा, जाऊन येऊन एक किलोमीटर, आणि दुसरा माला वॉक, जाऊन येऊन दोन. दोन्ही सपाट, व्हीलचेअर जाईल अशी वाट. पाणवठ्यापाशी बाक आहे, वर कड्याची सावली, पाणी असलं तर चिमुकल्या फिंच पक्ष्यांचा किलबिलाट, नाहीतर इतकं शांत की स्वतःचा श्वास ऐकू येतो. माला वॉक तिथल्या नॅशनल पार्कच्या रेंजरबरोबर फुकट करता येतो, सकाळी असतो, वेळ ऋतूप्रमाणे बदलते म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवा. अहोंना तिथे न्या. प्रश्न विचारणारा माणूस दिसतोय तो, रेंजर मिळाला की गुडघा विसरेल. एक मात्र, काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, ती त्यांची पुरुषांची किंवा बायकांची खास पवित्र ठिकाणं असतात, तिथे फोन खिशात ठेवायचा, त्यात वाद नको.

दोन रात्रीच का म्हणते मी? कारण आकाश तुमच्या तिकिटावर चालत नाही. तो प्रसिद्ध लालभडक रंग कधी येतो, तर सूर्य अगदी खाली असताना, प्रकाश हवेतून लांबून येतो, निळा वाटेत विखरून जातो, लाल तेवढा उरतो आणि तो आधीच लाल असलेल्या दगडावर पडतो. आता पश्चिमेला ढगांची एक पट्टी आली की खेळ खलास, दगड तपकिरीच राहणार. दोन रात्री म्हणजे दोन संध्याकाळी आणि दोन पहाटा, चार चान्स. एका रात्रीत दोनच, त्यातला एक विमान लेट झालं की गेला. आणि मधला पूर्ण दिवस मोकळा मिळतो त्यात सकाळी हे चालणं, दुपारी आराम, संध्याकाळी काटा जुटा. ते तर कोणी सांगतच नाही! राहायच्या गावापासून पन्नास किलोमीटर, 36 घुमट, आणि त्यातला सगळ्यात उंच उलुरूपेक्षाही उंच. त्याचा खडकही वेगळा, गोटे-गोटे एकत्र थापून सिमेंट केल्यासारखा. तिथला मोठा ट्रेक सोडा, वाल्पा गॉर्जपर्यंत जाऊन येऊन अडीच किलोमीटर आहे पण खडबडीत, अहोंनी अर्ध्यातून परत फिरलं तरी चालेल.

पैशाचं म्हणाल तर मुलगा खोटं बोलत नाहीये, महाग आहे. पार्कच्या आत हॉटेल नाही, राहायची सोय युलारा नावाच्या छोट्या गावात, दगडापासून वीसेक किलोमीटर, पर्याय मोजके त्यामुळे भाव ते सांगतील तो. पण महाग हा शब्द कशाच्या तुलनेत ते बघा ना. तुम्ही पाच आठवडे मुलाकडे राहणार म्हणजे राहण्याचा खर्च नाही, एवढ्या मोठ्या प्रवासात हॉटेलच्या दोनच रात्री आहेत, त्या इथे घाला. किचन असलेल्या अपार्टमेंटसारख्या खोल्या मिळतात, गावात सुपरमार्केट आहे, तिन्ही वेळ हॉटेलात जेवायची सक्ती नाही. गाडी न घेता पण जमतं, विमानतळ जवळच आहे आणि दगडापर्यंत जायला ठरलेल्या वेळेच्या बसेस आहेत. पार्कचा पास तीन दिवस चालतो, तो एकदाच काढायचा. काटकसर करायचीच तर रात्रीच्या लाइट शोवर करा, वाळवंटातल्या महागड्या डिनरवर करा. रात्रींवर नको. आणि विमानाची तिकिटं आठवड्याच्या मधल्या वारांची बघा, शनिवार-रविवार सोडून, तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, हा तुमचा हुकमाचा पत्ता आहे, नोकरीवाल्यांना तो मिळत नाही. महिना पण चांगला पडलाय. डिसेंबर-जानेवारीत विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं, पारा चाळिशीच्या वर आणि तोंडावर माश्याच माश्या, ऊन तापलं की चालायच्या काही वाटा अकरा वाजताच बंद करतात.

ब्लू माउंटन्सबद्दल. छान आहेत, जरूर बघा, कटूंबाला तीन सुळके उभे आहेत, थ्री सिस्टर्स म्हणतात, खाली निळसर जंगलाची दरी, अहोंना आवडेल आणि संध्याकाळी घरी परत. पण मुलगा जे करतोय ना, एका गोष्टीऐवजी दुसरी, ते चालत नाही. तुम्हाला "काहीतरी निसर्गरम्य" बघायचं असतं तर ब्लू माउंटन्स पुरले असते, उलुरू कशाला हवा होता. तुम्हाला तोच बघायचाय. तहान लागलेल्याला जेवायला वाढून काय उपयोग.

तरी एक प्रश्न स्वतःला विचारा, आज रात्रीच, अहोंना न सांगता. समजा गेलात, आणि दोन्ही दिवस ढग, रंग नाही, फोटो बेकार, कोणाला पाठवण्यासारखं काही नाही. तरी त्याच्या पायथ्याशी सकाळी तासभर चालायला आवडेल का? पटकन हो आलं तर तिकिटं काढा. जरा घुटमळलात तर तुम्हाला बहुतेक तो फोटो हवाय, आणि तो काय, पाच आठवड्यांत सिडनीत फोटोंची कमी पडणार नाही, ते पैसे आणि तीन दिवस नातवंडं किंवा समुद्र, जे असेल त्यावर घाला. यात कमीपणा काही नाही. माझी एक मावशी न घुटमळता म्हणाली होती, "मला ना, तिथे जाऊन आले एवढं म्हणायचंय", आणि ती त्या पैशात दुसरीकडे जाऊन खूश झाली.

अहोंना ओढून न्यायचं का हा वेगळा प्रश्न. माझं मत, एकदा नीट विचारा, गुडघ्याचं सगळं सांगा, दोन किलोमीटरच्या वर चालायला लावणार नाही म्हणा, आणि तरी नको म्हणाले तर त्यांना मुलाकडे ठेवून सुनेला घेऊन जा. तिनेच तिकिटं शोधली होती म्हणजे तिला इच्छा आहे, तुमच्या लक्षात आलं नाही का? तोंड पाडून बसलेला माणूस बरोबर असला की पाहिजे तेवढा मोठा डोंगर पण बुटका दिसतो.

आता मातीची पुडी. नाही, अजिबात नाही. पार्कमधून दगड, वाळू, माती काही उचलायला परवानगी नाही, आणि अनांगूंसाठी तर त्या जागेचा तुकडाच तो. वर्षानुवर्षं लोकांनी उचलून नेलेले खडे पोस्टाने परत येतात तिथे, सोबत माफीची चिठ्ठी, त्यांना सॉरी रॉक्सच म्हणतात. तुम्ही उगाच परत सिडनीहून पार्सल करत बसाल.

ऑगस्टमध्ये पहाटे तिथे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि सूर्योदयाच्या कट्ट्यावर अर्धा-पाऊण तास नुसतं उभं राहायचं असतं, दुपारी मात्र वीस-बाविसाच्या पुढे, म्हणजे काढता येतील असे थरावर थर कपडे न्या. आणि घड्याळ, सिडनीपेक्षा तिथली वेळ अर्धा तास मागे आहे. फोन आपोआप बदलतो, अहोंचं मनगटी बदलत नाही, ते अर्धा तास आधीच तयार होऊन सगळ्यांना उठवत बसतील.